मोरपंखी भिंत सासूबाईंना काळी का दिसते?

पत्राचा सारांश: एका वाचक ताईंचं पत्र आहे. घरात त्या, त्यांचे मिस्टर, शाळेत जाणारी मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. इतकी वर्षं घराच्या सगळ्या भिंती फिकट क्रीम रंगाच्या. आता रंगकाम काढलंय आणि ताईंच्या मनात हॉलसाठी गडद मोरपंखी बसलाय: निळ्याकडे झुकणारा, काळ्याच्या जरा अलीकडे थांबणारा हिरवा. तोही चारही भिंतींना. मिस्टर म्हणतात, हॉल लहान आणि अंधारा होईल, त्यापेक्षा टीव्हीमागची एकच भिंत करू. शिवाय कंटाळा आला तर असला रंग परत झाकता येत नाही. रंगाऱ्याचंही मत ‘एकच भिंत हायलाइट करा’ असं. ताईंनी छोटा डबा आणून सोफ्यामागे वहीच्या पानाएवढा पट्टा मारून पाहिला. रात्री ट्यूबलाइटखाली तो त्यांनाही मनातल्यासारखा दिसेना. सासूबाई म्हणाल्या, ‘ही तर काळी भिंत!’ आणि दुसऱ्या दिवशी उजेडात पाहूनही तेच म्हणाल्या. त्यांना मोतीबिंदू आहे, पण ‘अजून पिकला नाही’ म्हणून ऑपरेशन पुढे ढकललंय. ताईंना वाटतं, त्या मुद्दाम म्हणतात. नवीन काही करायचं म्हटलं की त्यांचं असंच असतं. हॉलला एकच मोठी खिडकी, टीव्हीच्याच भिंतीत. ऊन दुपारनंतर थोडा वेळ येतं. खिडकीशेजारी सासूबाईंची खुर्ची, समोर सोफा, एका बाजूला पुस्तकांचं कपाट, दुसऱ्या बाजूला दार. रंग उडतो का, हिरव्या रंगात विष असतं हे खरं का, दारही त्याच रंगाचं केलं तर चालेल का, असे आणखी काही प्रश्न आहेत. शेवटी लिहिलंय, ‘मी हट्ट करतेय की बाकीचे उगाच घाबरतायत, एवढं सांगा.’

उत्तर:

ताई, आधी सासूबाईंच्या बाजूने बोलते, कारण तुमच्या पत्रात त्यांची बाजू घेणारं कुणीच नाही.

त्या ‘काळी’ म्हणतात तेव्हा त्यांना ती बहुधा खरंच काळी दिसत असते. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, आणि मोतीबिंदू असला तर जास्तच. पिवळं भिंग निळा उजेड अडवतं. गडद मोरपंखी भिंतीवरून मुळात उजेड परत येतो थोडाच, आणि जो येतो तो निळ्या-हिरव्याच बाजूचा. त्यातला निळा भाग वाटेतच अडला की काळपट हिरवं काहीतरी उरतं. त्यात भर म्हणजे साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि तुमच्या सासूबाई तर चौऱ्याहत्तरच्या आहेत. म्हणजे तुम्ही दोघी एकाच पट्ट्यासमोर उभ्या होतात, पण पाहत होतात दोन वेगळे रंग. चित्रकार क्लोद मोने यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, तेव्हा उलटा प्रकार झाला. इतकी वर्षं अडलेला निळा एकदम दिसायला लागला आणि सगळं जग निळं दिसतंय म्हणून ते वैतागले. सासूबाईंचं ऑपरेशन होईल तेव्हा त्यांचंही ‘काळी’बद्दलचं मत बदलू शकतं. आता विषय निघालाच आहे तर सांगते, मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट पाहण्याचा काळ मागे पडला. दिसण्याची अडचण रोजच्या कामात येऊ लागली की ऑपरेशनचा विचार करता येतो. रंगाऱ्याला तारीख देण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

हे सगळं लांबण लावून सांगायचं कारण असं की तुम्ही घरातला वाद ‘माझी आवड विरुद्ध त्यांची भीती’ असा मांडलाय. मला तो तसा दिसत नाही. तिघांनीही रंगावर मत दिलंय, पण उजेडाबद्दल कुणी बोललेलंच नाही. गडद रंगाच्या बाबतीत उजेडाचा निर्णय आधी घ्यायचा असतो, रंगाचा नंतर.

आता तुमच्या पट्ट्याकडे येऊ. त्या पट्ट्यावर विसंबून हो किंवा नाही, काहीच ठरवू नका. वहीच्या पानाएवढा गडद चौकोन क्रीम भिंतीच्या मधोमध असला की आजूबाजूच्या फिकट रंगामुळे तो आहे त्यापेक्षा गडद दिसतो. फ्रान्समधल्या गोबलँ या विणकामशाळेत रंगखात्याचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती, की काळी लोकर चांगली काळी रंगत नाही. त्यांनी शोध घेतला तेव्हा रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांचे रंग त्या काळ्याला बिघडवत होते. हे त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडलं, आणि आज आपण भिंतीवर पट्टा मारताना तेच विसरतो. शिवाय तुम्ही बहुधा एकच हात मारला असणार. पाण्यात मिसळणारं इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, आणि एका हातात खालचा क्रीम डोकावत राहतो. म्हणजे पट्टा एकीकडे शेजारामुळे जास्त काळा दिसला आणि दुसरीकडे रंग पुरता चढलेलाच नव्हता.

परत पाहायचं असेल तर असं करा. जाड पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे दोन मोठे तुकडे घ्या, निदान दोन फूट लांब. आधी प्रायमर, मग रंगाचे दोन पूर्ण हात, कडेपर्यंत. कडेला पांढरी पट्टी सोडू नका. एक रात्र वाळू द्या. मग एक तुकडा सोफ्यामागे आणि दुसरा कपाटाच्या बाजूला, दोन्ही भिंतीला चिकटवून उभे टेकवा. दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात दोन्ही तुकडे काटकोनात लावून पाहिलेत तर आणखी चांगलं. रंग समोरासमोर आला की एकमेकांवर पडून आणखी गडद होतो, ते तिथेच कळतं. तुम्ही त्या खोलीत खरोखर असता त्या वेळांना त्यांच्याकडे पाहा. सकाळी डबे भरताना पाच मिनिटं, सुट्टीच्या दिवशी दुपारी, आणि मुख्य म्हणजे रात्री सगळे बसतात तेव्हा. हॉलमध्ये तुमचा जास्त वेळ संध्याकाळनंतर जातो की दिवसा, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. सासूबाईंचा मात्र दिवसभर तिथेच जातो, एवढं खुर्चीवरून कळतं.

आणि ट्यूबलाइट. त्या रात्रीच्या निराशेचं अर्धं खापर मी तिच्या माथी फोडेन. पांढऱ्याशुभ्र दिव्यावर ६५०० केल्विन असं काहीतरी छापलेलं असतं. उजेड पिवळसर की निळसर याचं ते माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर. त्या निळसर उजेडात मोरपंखी निळ्याकडे सरकतो आणि निर्जीव दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे वॉर्म व्हाइट दिवा लावला की तोच रंग हिरव्याकडे झुकतो आणि त्यात ऊब येते. ४००० केल्विन या दोन्हींच्या मधलं. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आणखी एक आकडा असतो. रंग किती खरे दिसतील याचं ते माप, शंभरपैकी. ८० चे दिवे सर्रास मिळतात, पण अशा भिंतीसाठी ९० किंवा वरचा शोधा. नमुन्याचे तुकडे ठेवलेत त्या संध्याकाळी ट्यूब बंद करून एका टेबललॅम्पमध्ये असा एक दिवा लावून बघा. एका दिव्याचा खर्च आहे, पण कदाचित तेवढ्यावरच तुमचं ठरून जाईल.

पण नुसता दिव्याचा रंग बदलून भागणार नाही, उजेडाची रक्कमही बघावी लागेल. रंगांच्या माहितीपत्रकात एलआरव्ही असा आकडा दिलेला असतो: भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी शेकडा किती परत येतो. तुमच्या फिकट क्रीमचा तो ७० च्या आसपास असेल. गडद मोरपंखीचा ५ ते १२. दिव्यांचा हिशेब मांडणारे लोक नेहमीच्या खोलीसाठी छत ७०, भिंती ५० आणि फरशी २० टक्के उजेड परत देईल असं धरून चालतात. चारही भिंती एकदम ८ वर आणल्या की तो हिशेबच मोडतो. आज तुमच्या हॉलमधला दिवा भिंतींवर आपटून परत येणाऱ्या उजेडाच्या जिवावर खोली उजळतो. तो परतावा बंद झाला की दिव्याखाली उजेड आणि चहूबाजूंनी अंधार अशी अवस्था होते. मिस्टरांना अंधाराची भीती वाटते ती इथली, आणि ती खरी आहे.

यावर उपाय म्हणजे छताचा एक दिवा आणखी मोठा करणं, असं बहुतेकांना वाटतं. तसं करू नका. बसल्या उंचीवर, सोफ्याच्या दोन्ही टोकांना, कपाटाजवळ असे तीन-चार लहान दिवे ठेवा, आणि त्यातला एखादा भिंतीवरच उजेड टाकणारा असू द्या. गडद भिंत सुंदर दिसते ती तिच्यावर उजेड पडला तरच. छतातले खाली फरशीकडे तोंड करून बसलेले दिवे तिला काहीच देत नाहीत. सासूबाईंच्या खुर्चीशी मात्र वाचायचा वेगळा दिवा हवाच, खांद्यामागून वर्तमानपत्रावर पडेल असा. खरं तर तो रंग बदलला नाहीत तरी हवा.

एक गंमत सांगते. संध्याकाळी दिवे न लावता थोडा वेळ बसून पाहा. उजेड उतरत जातो तसा आधी लाल, विटकरी उशीचा रंग बुडतो. निळसर हिरवा मात्र बराच वेळ तग धरतो. मंद उजेडात आपला डोळा निळ्या-हिरव्याकडे जास्त संवेदनशील होतो. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे १९व्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं, आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. दिवेलागणीच्या वेळी हा रंग इतका का आवडतो, त्यामागे थोडं हेही असावं असं मला वाटतं. दिवसभर कामाच्या, लिहिण्या-शिवण्याच्या खोलीला मी हा रंग सुचवणार नाही. रात्री टेकायच्या खोलीला डोळे मिटून सुचवेन.

आता ‘एकच भिंत’. हा तोडगा समजूतदारपणाचा वाटतो, कारण तो दोघांच्या मधला आहे. दिसायला मात्र तो बरेचदा दोन्हींपेक्षा वाईट असतो. तीन फिकट भिंतींमध्ये एक गडद भिंत म्हणजे तुमच्या पट्ट्याचीच मोठी आवृत्ती. शेजार फिकट असल्याने ती आहे त्याहून काळी दिसते, आणि दोन्ही कोपऱ्यांवर रंग कापल्यासारखा थांबतो. तुमच्या घरात तर आणखी एक अडचण आहे. मिस्टरांनी निवडलेली भिंत खिडकीची आहे. खिडकीच्या भिंतीवर खिडकीतला उजेड पडतच नाही, तो तिच्याकडून निघून समोर जातो. दिवसा ती नेहमीच घरातली सर्वांत काळोखी भिंत असते. तिला गडद केलंत की मधली लखलखीत खिडकी आणि भोवतीचा काळा पट्टा यांतला फरक डोळ्यांना टोचतो, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना असली चकाकी फार त्रास देते. सासूबाई तिथेच शेजारी बसतात. चार भिंतींतली ही एक भिंत वगळून मी कुठलीही चालवून घेईन.

मग हॉल लहान वाटण्याचं काय? मिस्टरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. २०१० मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत छत उजळ असलं की खोली उंच वाटते, आणि भिंती उजळ असल्या तरीही उंच वाटते, असं आढळलं. म्हणजे गडद भिंतींनी उंचीचा भास थोडा कमी होणार हे धरून चाला. छत उजळच ठेवा. मात्र भगभगीत पांढरं करू नका. त्याची आणि मोरपंखीची वरची रेघ सुरीने कापल्यासारखी दिसते. किंचित उबदार, दुधाळ पांढरा घ्या. पण उंच वाटणं आणि बसावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोली मोठी दिसलीच पाहिजे हे आपण इतकं गृहीत धरतो की ती कुणाला मोठी दाखवायची आहे, हा प्रश्न विचारत नाही. रात्री दिवे लावून चार माणसं बसली की गडद भिंतींचे कोपरे विरघळतात, आणि जवळ बसल्यासारखं वाटतं. हे ज्यांना हवं त्यांनी फुटांचा हिशेब थोडा सोडायला हरकत नाही.

तर माझं मत. चारही भिंती तुमच्या हॉलला नकोत, कारण तिथे दिवसभर बसणाऱ्या माणसाला उजेड कमी पडेल. एकही भिंत नको असंही नाही. सोफ्यामागची भिंत आणि तिला लागून असलेली कपाटाची भिंत, अशा दोन करा, मधल्या कोपऱ्यासकट. सोफ्यामागची भिंत खिडकीच्या समोर आहे, दिवसा सगळा उजेड तिच्यावरच जातो, त्यामुळे रंग काळा न वाटता मोरपंखीच दिसेल. कपाटाच्या भिंतीला उजेड बाजूने मिळतो. पुस्तकांच्या पाठी पुढे आल्यामुळे ती फार भारीही होणार नाही. रंग कोपऱ्यातून वळला की तो चिकटवल्यासारखा दिसत नाही, खोलीचाच वाटतो. खिडकीची आणि दाराची भिंत छताच्या त्याच दुधाळ पांढऱ्यात ठेवा. सासूबाईंच्या खुर्चीभोवती उजेड राहील, आणि तुम्ही सोफ्यासमोर उभ्या राहाल तेव्हा तुम्हाला हवा तो रंग डोळाभर दिसेल. चार-सहा महिन्यांनी सगळ्यांना सवय झाली आणि उरलेल्या दोन कराव्याशा वाटल्या तर तेव्हा करा. आधी दोनच्या चार करणं सोपं जातं, चारच्या दोन करायला गेलात तर घरातल्या जुन्या वादांनाही नवीन रंग चढतो.

चारही भिंतींची हौस मात्र फेडायचीच असेल, तर ती झोपायच्या खोलीत फेडा. तिथे दिवसा कुणी नसतं, रात्री मंद दिवाच हवा असतो.

रंगाच्या जोडीला काय ठेवायचं याची फार चिंता करू नका. लाकूड, वेत, पितळ, विटकरी, गंजाचा रंग, सगळं मोरपंखीसमोर खुलतं. राखाडी आणि क्रोम जपून, थंडावा वाढतो. पडदे भिंतीच्या रंगाचे घेऊ नका, एवढं ऐका.

विषाचं विचारलंत. ते ऐकीव असलं तरी निराधार नाही. १७७५ मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलेल्या हिरव्या रंगात तांब्यासोबत आर्सेनिक होतं, आणि १८१४ च्या सुमारास आलेल्या आणखी झळझळीत पाचू-हिरव्यातही होतं. १९व्या शतकात ते घराघरांतल्या भिंतींवरच्या कागदांत शिरले आणि माणसं आजारी पडली. आजच्या मोरपंखीत ते नसतं. आजचा खोल निळा-हिरवा येतो थॅलोसायनिन जातीच्या रंगद्रव्यांतून, जी १९३० च्या दशकात बाजारात आली. ती उन्हाला चिवट असतात, त्यामुळे रंग उडण्याचीही भीती फारशी बाळगू नका. ताज्या रंगाचा वास हा वेगळा मुद्दा. त्यासाठी कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला रंग घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि सासूबाईंना दोन रात्री आतल्या खोलीत झोपवा.

उडण्यापेक्षा घासल्याचे डाग जास्त सतावतील. गडद मॅट भिंतीला खुर्चीची पाठ, दप्तराचा कोपरा, नखाची रेघ लागली की तिथे पांढुरकी, चकचकीत ओरखड उमटते. ओल्या फडक्याने चोळलंत तर आणखी चमकते. आणि नुसत्या त्या जागेवर रंग लावून झाकायला गेलात तर तो ठिगळासारखा उठून दिसतो. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण मारावी लागते. घरात शाळकरी मूल आहे, म्हणून पूर्ण मॅट घेऊ नका. दुसरीकडे, जास्त चमक असलेला रंग घेतलात तर भिंतीतला प्रत्येक उंचवटा, पुट्टीचा प्रत्येक जोड दिव्याच्या तिरप्या उजेडात चाडी करतो. मधलं एगशेल किंवा हलकं साटीन बरं, आणि सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे.

रंगाऱ्याशी बोलताना काही गोष्टी आधीच स्पष्ट करा. गडद छटा ज्या बेसमध्ये, म्हणजे छटा घालण्याआधीच्या मूळ रंगात मिसळतात त्यात पांढरं रंगद्रव्य फार थोडं असतं, म्हणून डब्यात घट्ट दिसणारा रंग भिंतीवर पारदर्शक निघतो. पहिल्या हातानंतर भिंत अशी काही चट्ट्यापट्ट्याची दिसते की तुमचं काळीज धस्स होईल. घाबरू नका, दुसऱ्या हाताला जमते, कधी तिसरा लागतो. खाली पांढऱ्याऐवजी राखाडी छटेचा प्रायमर मारायला सांगा, एक हात वाचू शकतो. ‘दोन हातांत करून देतो’ असं आधीच ठरवून कामाचा दर घेऊ नका, रंग पूर्ण झाकेपर्यंत असं ठरवा. दोन भिंतींना एकाहून जास्त डबे लागणार असतील तर ते सगळे आधी एका मोठ्या बादलीत एकत्र करा, नाहीतर मशीनवर वेगवेगळ्या वेळी काढलेल्या डब्यांमधला किंचित फरक भिंतीच्या मधोमध दिसेल. एक भिंत एका दमात मारायची; अर्ध्यात जेवायला उठलं की वाळलेल्या कडेवर ओला रोलर फिरून पट्टा राहतो, आणि फिकट रंगात जो खपून जातो तो इथे खपत नाही. पुट्टी घासून झाल्यावर दिवसाच्या उजेडावर समाधान मानू नका. भिंतीला खेटून मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि खालपासून वरपर्यंत फिरवा. खड्डे, खरवड, पॉलिश पेपरचे वळ, सगळं तेव्हा दिसेल. दुरुस्त करायची वेळ तीच.

भिंतीत ओल असेल तर मात्र हे सगळं थांबवा. ओलीबरोबर भिंतीतले क्षार वर येतात आणि पाणी उडून गेल्यावर पांढरी भुकटी होऊन बसतात. क्रीमवर ती कुणाला दिसत नाही. मोरपंखीवर पहिल्याच ओलीत दिसेल. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, ते बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या.

‘परत झाकता येत नाही’ हे मिस्टरांचं वाक्य तेवढं खोडून काढते. येतं. डाग अडवणाऱ्या प्रायमरचा एक हात, मग फिकट रंगाचे दोन, फार तर तीन. नेहमीच्या रंगकामापेक्षा काम आणि खर्च थोडा जास्त, एवढंच. त्यांना हे नीट सांगा, कारण भिंतीच्या रंगाला विरोध करणाऱ्या माणसाला बरेचदा रंगापेक्षा ‘आता हे कायमचं’ याचीच धास्ती असते.

आणि सासूबाईंना ‘तुम्हाला काळी दिसते कारण तुमचा डोळा’ असं तोंडावर सांगू नका. खरं असलं तरी ते कुणाला आवडेल? त्याऐवजी नमुन्याचे तुकडे ठेवाल तेव्हा त्यांनाच विचारा, कुठल्या जागी बसून बरं वाटतं, दिवा कुठे हवा, वाचताना सावली पडते का. त्यांचं मत रंगावर घेण्याऐवजी उजेडावर घ्या. तिथे त्या तुम्हा दोघांपेक्षा जास्त जाणतात, कारण कमी उजेडाचा जाच रोज त्यांना होतो. हट्टाचं विचारलं होतंत ना? चारही भिंतींवर अडून बसलात तर हट्ट म्हणेन. दोनवर अडून बसा, मी तुमच्या बाजूने आहे.

राहता राहिलं दार. खुशाल करा त्याच रंगाचं. दाराची भिंत फिकट राहणार आहे, त्यामुळे गडद दार सासूबाईंना लांबूनही स्पष्ट दिसेल. पांढऱ्या भिंतीतल्या पांढऱ्या दारापेक्षा हे त्यांना सोयीचंच. भिंतीचं इमल्शन दाराला लावू नका, हाताने मळतं. त्याच छटेचं पाण्यात मिसळणारं एनॅमल घ्या. चौकट भिंतीच्या रंगात राहू द्या आणि कडी-मूठ पितळी किंवा स्टीलची, चमकणारी बसवा. बटणांचे बोर्ड मोरपंखी भिंतींवर पांढरेच ठेवा, भिंतीशी जुळणारे गडद बोर्ड दुकानदाराने कितीही आग्रहाने दाखवले तरी.